नावाचा धनी

मार्चमध्ये उपर्नाविकच्या खाडीत बर्फ फुटला,
उयाराकला कुत्र्यांसकट गिळून
वरून पुन्हा गोठला.
मे महिन्यात लेकीला मुलगा झाला.
नाव तेच ठेवलं.

नाव आलं की माणूस परततो,
असं आम्ही ग्रीनलँडवाले धरून चालतो.
म्हणून तर शेजारचा पावियासी
सात वर्षांपूर्वी उसनी नेलेली सुरी
मुकाट पाळण्यापाशी ठेवून गेला.
लेक त्याला पाजते
आणि 'बाबा' म्हणते.

मी अजून हाक मारलेली नाही.
आमचं भांडण अर्ध्यावर राहिलंय,
मोटारबोट विकण्यावरून.
पुरं कुणाशी करू?
ह्याला तर दातही नाहीत.

आज कॉफी ओतताना
सवयीनं दोन कप निघाले.
त्यानं वाफेकडे हात केला.

"थांबा जरा," मी म्हटलं,
"गरम आहे."