सोनेरी रंगाचा अर्धा लिटर

कामठीच्या छावणीतून वर्षा-दोन वर्षांनी बोलावणं येतं मला.
सागवानी फलक, त्यावर सोनेरी अक्षरं:
अनुक्रमांक, पद, नाव, पासून, पर्यंत.

या खेपेला रंग संपलेला.
अर्ध्या लिटरच्या डब्यासाठी मागणीपत्र निघालं
स्टोअरच्या हवालदाराकडून सुभेदारसाहेबांकडे,
तिथून क्वार्टरमास्टर, मग अॅडज्युटंट,
मग खुद्द कमांडिंग ऑफिसर.
प्रत्येकाची सही आधीच्यापेक्षा आखूड,
शेवटची तर नुसती एक तिरकी रेघ.
वर दिल्लीपर्यंत असंच असतं म्हणे.

मे महिना. कूलरच्या पाण्याला वाळ्याचा वास.
कागद खाली उतरेस्तोवर
ज्यांचं नाव लिहायचं, त्या कर्नलसाहेबांचीच बदली झाली.
सुभेदार धनविजय म्हणाले,
"लिहून टाका भाऊ,
पासून अन् पर्यंत, दोन्ही आजच."

शिडीचा एक पाय लंगडा.
तो त्यांनीच धरून ठेवला, टोपी काखेत.
अठ्ठावीस वर्षांची नोकरी,
फलकावरची खालची सात नावं त्यांनी जवळून पाहिलेली.
मी वरून विचारलं,
सुभेदारसाहेब, तुमचं नाव कोणत्या फलकावर?

"डावा पाय सरकवा," ते म्हणाले, "डबा सांडेल."

मग मान वर करून वाचत राहिले.
बीरेंद्रमधली वेलांटी माझ्याकडून ऱ्हस्व पडली होती.
बाजूने अॅडज्युटंट गेले, एक मेजर गेले,
धनविजयांनी दोनदा सलाम केला, एका हाताने,
दुसरा शिडीवर.
कुणालाच काही बोलले नाहीत.

टर्पेंटाइनचा बोळा
तेवढा वर दिला.