लागू नसेल ते खोडा

फ्रिजवर, बालरोगतज्ज्ञाने दिलेल्या लोहचुंबकाखाली
कागद आठवडाभर फडफडतोय:
मुदतवाढीस इच्छुक / अनिच्छुक.
लागू नसेल ते खोडा. निळी शाई वापरा.

आमच्या तुकडीत अकरा जणी होतो. आता तिघी.
गेलेल्यांनी कारणाच्या रकान्यात
एकच शब्द लिहिला: घरगुती.
जणू आमटीत मीठ जास्त पडलं.
टिकेकरला जुळी आहेत,
त्याला मेसमध्ये कुणी विचारत नाही
पोरं कुणाकडे टाकून आलास.

वर, चौकीकडे जाताना, हवा इतकी विरळ
की आम्ही एकेका किलोसाठी भांडतो.
रॉकेलचा एक कॅन: सोळा किलो.
परवा नेरूळच्या दवाखान्यात
निहार काट्यावर उभा राहिला. सोळा.
मी मनातल्या मनात एक कॅन उतरवला.
मग लाज वाटली,
कशाची ते अजून कळलं नाही.

निकेत म्हणतो, समोरच विमानतळ आहे,
एअरलाइन घे, रात्री घरी येशील.
उलव्याच्या या बाल्कनीतून दिसतं सगळं:
डोंगर होता तिथे आकाश,
आमचं अंगण होतं तिथे धावपट्टी.
त्याचं चूक नाही. तापात तोच जागतो.
मी फोनवर असते,
रेंज जाते, तोंड अर्धवट उघडं राहून थिजते,
आणि निहार त्या थिजलेल्या मला
बिस्कीट भरवतो.

आई चष्मा पुसून कागद पाहते.
एकदा तिच्यापुढेही आला होता असाच,
जमिनीचा, संमतीचा.
तिने अंगठा दिला, गाव गेलं.
"खोडाचाच आसंल," ती म्हणते,
"त पेन्शिलीन खोड गो बाय."

साडेतीनला टॅक्सी.
निहारची मान माझ्या डाव्या हातावर,
हाताला मुंग्या.
याच हाताने मी यंत्र जमिनीवरून उचलते,
इतकं सावकाश
की मागे स्ट्रेचरवरच्या जवानाला
कळतही नाही आपण निघालो.

आता तोच हात
इंच इंच काढते आहे.
तो कूस बदलतो.
थांबते.
पुन्हा.