डोहाची जागा

सहाला निघायचं ठरलं होतं, म्हणजे
आठ वाजता आम्ही अजून व्हॅनमध्ये बर्फ भरत होतो.
डेल्फीन मावशीनं डोकी मोजली. सतरा.
मग कुत्रा वजा केला. सोळा.
मग पुन्हा पहिल्यापासून,
कारण केर्विनच्या जबारीनं मध्येच जागा बदलली होती.

वाट चढते कोकोच्या जुन्या मळ्यातून.
मळा आता कुणाचाच नाही.
सावलीसाठी लावलेले पांगारे तेवढे
नारिंगी फुलं गाळत उभे,
आणि खालच्या कोकोला
खारींशिवाय कोणी विचारत नाही.

बाबा पुढे. हातात कोयता, पायात रबरी बूट.
त्यांना वाट विचारायची सोय नाही.
"माझ्या पायांना ठाऊक आहे," म्हणतात.
मागे दोघे जावई, लोखंडी हंडा काठीला टांगून
शिकार साधल्यासारखे डुलत,
त्यांच्या मागे तांदूळ, तुरीचे दाणे, मसाला चोळलेली कोंबडी,
आणि मार्वाची सासू,
जिला वाटलं होतं की गाडी अगदी पाण्यापर्यंत जाते.

पायांनी आम्हाला त्याच बांबूच्या बेटाशी आणलं
दोनदा.
कोणी चकार शब्द काढला नाही.
तिसऱ्या खेपेला रोझान म्हणाली,
"आजोबा, ह्या बांबूवर मघाशी मी माझं नाव कोरलंय."
बाबांनी ते नाव वाचलं. नीट, चष्मा लावून.
"काना राहिला," म्हणाले,
आणि उलट्या दिशेनं चालू लागले.

आधी आवाज आला,
मग गारवा,
मग नदी.
डोह नव्हता.

नोव्हेंबरच्या पुरानं वरचा अख्खा उतार आणून
त्यात ओतला होता.
जिथे केर्विनचा तळ कधी लागला नाही
तिथे पाणी माझ्या पोटरीला,
आणि त्यात गप्पी मासे, सावकाश,
पायाच्या बोटांची चौकशी करत.
पोरं पोहण्याच्या कपड्यांत
तशीच उभी.

"खडक कुठाय?" बाबांनी विचारलं.
आम्हाला नाही, नदीला.
तो सपाट खडक, आईचा.
तिला पोहता येत नव्हतं.
ती त्यावर बसून सगळ्यांचे टॉवेल सांभाळायची
आणि कोण किती वेळ बुडी मारतं ते
मोठ्यानं मोजायची, नेहमी थोडं जास्तच.

बाबा एकटेच खाली गेले, प्रवाहाच्या कडेकडेनं.
आम्ही चूल मांडली. साखर जाळली.
धुरानं पिवळ्या शेपटीचे पक्षी
लांबलचक टांगत्या घरट्यांतून
आम्हाला शिव्या घालत होते.
अर्ध्या तासानं बाबा परत आले, कंबरेपर्यंत ओले.
"सापडला," म्हणाले. "उपडा पडलाय."
एवढंच.
मग वाकले, डोहाच्या जागेतला एक धोंडा उचलला
आणि काठावर टाकला.
मग दुसरा.

कोणी ठरवलं नाही.
आधी केर्विन, मग जावई, मग पोरांची रांग,
हातोहात, विटांसारखे,
गुळगुळीत, हिरवे, एखादा खेकड्यासकट.
मार्वाची सासू लुगड्यासारखा टॉवेल खोचून
मधोमध उभी राहून हुकूम सोडू लागली,
आणि आश्चर्य म्हणजे सगळे ऐकत होते.
पेलाव तळाला लागला. खरवड आधी संपली.
चार वाजेपर्यंत पाणी गुडघ्यावर,
पाचला रोझानच्या कंबरेला.
ती उताणी तरंगली, पाठ घासली तिची,
तरी तरंगलीच.

जबारी दिवसभर दुसऱ्या टोकाला बसून
आम्ही काढलेले धोंडे
एकेक करून पुन्हा आत टाकत होता.
कितीदा ओरडलो.
त्याला तो आवाज आवडतो.

उतरताना काळोख झाला.
बांबूपाशी डेल्फीन मावशीनं टॉर्च फिरवली,
डोकी मोजली. पंधरा.
पुन्हा मोजली. पंधरा.
बाबा म्हणाले, "गप्प. ऐका."

वर, लांबवर, पाण्यात,
डुबुक.