चौथा ट्रॅक

खासबागेत, मागांच्या खडखडाटात बुडालेल्या गल्लीत
विरुपाक्ष सोनटक्कींनी गोधडीखालून यंत्र काढलं.
वर कापराच्या चार वड्या, एक वाळलेली पाल.
"जपानी हाय. खरं पाणी हितलंच प्यालंय," म्हणाले.

मी गुडघ्यावर बसून आधी दोष शोधले,
तेवढं शिकूनच आलो होतो.
हेडवर टेपेनं पाडलेली चर, नखाला लागेल एवढी.
रबरी चाक खडीसाखरेगत कडक.
मूळचा पट्टा वितळून गेलेला,
त्याच्या जागी सायकलच्या ट्यूबची कापलेली रिंग.
तिसऱ्या मीटरचा काटा टिचकी मारली की उठतो,
परत आडवा,
जेवून आलेल्या कारकुनासारखा.
एकेक दोष मी मोठ्यानं म्हणालो
आणि दर दोषामागे मनात पाचशे कापले.

"एष्टु?" माझं कन्नड बाजारापुरतं.
"हदिनेंटु साविर."
त्यांचं मराठी माझ्या कन्नडपेक्षा कितीतरी बरं,
खरं आकडा ते कन्नडातच सांगायचे
आणि मी तो मराठीत खाली आणायचो.

मग त्यांनी टेप ओवली.
बोटांना तपकिरी भुकटी लागली,
निपाणीच्या वखारीतनं आल्यासारखी.

पहिल्या ट्रॅकवर पेटी : शिवाप्पा, थोरला.
दुसऱ्यावर तबला : ईरण्णा, धाकटा.
"वाटणी झाली, घरात मधी भिंत आली.
एका खोलीत बसायला दोघंबी तयार न्हाईत.
मग ह्याला मंगळवारी बोलवलं
आणि त्याला शुक्रवारी, कानाला हेडफोन लावून."
तिसऱ्यावर बहीण, हुबळीची,
शब्द विसरली म्हणून नुसती गुणगुणलेली.

तिघांच्याही तळाशी माग.
वीज गेली की माग थांबायचे,
खरं वीज गेली की यंत्रही थांबायचं.
या गल्लीत शांतता कुणाला टेप करता आलीच नाही.

मी हिशेब सोडून ऐकायला लागलो
ते एवढ्यासाठी :
मंगळवारची पेटी हेलकावे खात समेवर आली
तर शुक्रवारचा तबला
तिथं आधीच येऊन उभा.

"चौथा मोकळाय. चालतोय का बघा," म्हणत
त्यांनी माईक जोडला. लाल दिवा लागला.
माझ्या खोकल्यानं काटा उडाला.
चालत होता.
मग चहा आला, बशा आल्या, परत आकडे,
आणि चौदा हजार दोनशेला तुटलं.
मी रिक्षा बघायला नाक्यावर गेलो.

खानापूरच्या बसमध्ये कंडक्टर, "इदेनु?"
पेटी म्हणालो. त्यानं सामानाचं तिकीट फाडलं.
एकवीस किलो मांडीवर.
देसूर येईस्तोवर पायांना मुंग्या.

रात्री स्पिरिटनं हेड पुसले,
तीच टेप लावली, चारही ट्रॅक वर घेतले.
दोन्ही भाऊ, बहीण, माग,
आणि मधोमध मी.
"चर केवढी पडलीय बघा की,"
"न्हाई न्हाई, तेरा,"
तबल्याच्या ऐन रंगात माझा आवाज,
पाचशेसाठी चढलेला, जरासा नाकातला.
मला वाटायचं, मी बरा बोलतो.

पुढं दार वाजलं. मी गेलो असणार.
बशी उचलल्याचा आवाज.
मग बराच वेळ म्हातारा काहीच नाही,
नुसते माग, आणि थोरल्याची पेटी उतरत आलेली.
मग माईकच्या अगदी जवळ,
झाकणावरनं हात फिरल्यासारखी घासर,
आणि लेकीला गाडीत बसवताना म्हणतात तसं,
हळू,
"होगि बा."

टेप संपली. शेपूट सुटून
फिरकीवर फटक फटक वाजत राहिलं,
पलीकडच्या घरात माग असावा तसं.
मी ते लगेच बंद केलं नाही.