बुधवारचा डबा

रविवारी दुपारी घर झोपलं की
मी रिपोर्टच्या पाठकोऱ्या कागदावर आठवडा मांडते.
एका बाजूला कुणाचं तरी हिमोग्लोबिन, आठ पूर्णांक दोन,
दुसऱ्या बाजूला माझी अंबाडी, माझे मूग
आणि वारांच्या सहा रेघा.
हे कुशीवर वळत विचारतात,
झाली का पंचवार्षिक योजना?

खूळ पोळ्यानंतरचं आहे.
रिकाम्या दुपारी, गंमत म्हणून, मीच माझं बोट टोचलं
आणि मशीननं दाखवलेला आकडा
मी लोकांना ज्या आवाजात सांगते
त्या आवाजात मला स्वतःला सांगता आला नाही.
अकरा वर्षं म्हणते आहे, उपाशीपोटी या.
अकरा वर्षं खाते आहे
करंजीच्या फाट्यावर उभ्यानं आलूबोंडा,
एक डोळा मारेगावच्या यष्टीवर.

पावणेसातला घर सुटतं.
संध्याकाळी कोळशाच्या ट्रकांमागे रांगत गाडी परतते
तेव्हा चप्पल काढायलाही हात उरत नाहीत,
चुलीचं तर सोडाच.

म्हणून रविवार.
जवस तडतडेपर्यंत भाजायचं, खलबत्त्यातच कुटायचं,
मिक्सरमध्ये त्याचा चिकट गोळा होतो.
मूग फडक्यात बांधून नळाच्या तोटीला.
सांबार निवडून कागदात गुंडाळायचा
(पुण्याची जाऊ हसते, ती त्याला कोथिंबीर म्हणते).
पाटवड्या दोन दिवस टिकतात,
रात्री लाईन गेली तर दीड.
हे मला एका मंगळवारी,
डब्याचं झाकण उघडल्यावर, सगळ्या स्टाफसमोर कळलं.
कंडक्टर रंगारींना मात्र पाठ झालंय:
आज गुरुवार म्हणजे कढीगोळे, नाही का मॅडम?

परवा बुधवारी लेतूबाई आत्राम आली.
पोडावरून, पहिल्या काळीपिवळीनं,
सांगितल्याप्रमाणे उपाशी.
रक्त घेतलं, कापूस दाबून धरायला दिला
आणि सवयीनं म्हणाले,
आता जेवून घ्या, दोन तासांनी परत या.

ती बाकावरून हललीच नाही.
कुठं जाणार होती?
समोरची टपरी बुधवारी बाजारात जाते.
पोड चौदा किलोमीटर.
पदराच्या गाठीत परतीचं भाडं तेवढं.
अकरा वर्षांत हे वाक्य मी किती जणांना म्हटलं असेल,
आणि ते जेवले कुठे,
हे एकदाही विचारलं नव्हतं.

डबा मी तिच्यापुढे सरकवला.
दोन भाकरी, मुगाची उसळ, काकडी, जवसाची चटणी:
रविवारपासून ठरलेला, मोजलेला,
झाकणावर माझ्या माहेरचं नाव कोरलेला बुधवार.

ती सावकाश जेवली.
भाकरीचा शेवटचा तुकडा डब्याच्या कडेवरून फिरवला
आणि म्हणाली,
तिखट नाई व बाई यात.
बिमाराचं जेवन हाय का हे?

मी हो म्हणाले.

दोन तासांनी तिची साखर आली एकशे अठरा.
मी आकडा दोनदा तपासला.
इतके रविवार मी जे वाटलं, भिजवलं, बांधलं,
त्याचा निकाल असा दुसरीच्या रक्तात लागला,
आणि मी तिकडे वॉर्डातल्या पोराकडून मागवलेला
आलूबोंडा खात होते, गरम,
तोंड भाजेपर्यंत गरम.
खोटं कशाला बोलू, छान लागला.

आज पुन्हा रविवार. मूग टपटपताहेत.
बुधवारच्या रेघेवर मी लिहिलंय:
भाकरी चार.
मग थोडा विचार करून, खाली, बारीक अक्षरात:
ठेचा वेगळ्या डबीत.