मुरायला सात दिवस

ऑक्टोबरचा शेवटचा मंगळवार. चार वाजताच
कॅल्डरच्या खोऱ्यात दिवे लागलेत,
आणि नोरा सटक्लिफ काकवीचा डबा
गरम पाण्याच्या पातेल्यात उभा करते.
थंडीत काकवी ओतली जात नाही,
चमच्याला धरून बसते.
नोरा ती बोटाने निपटून घेते, कुरकुर न करता.

ओटचं भरड पीठ. डुकराची चरबी. काळी साखर.
सुंठ दोन चमचे, मग आणखी एक,
मग डबीच्या बुडाशी उरलेली, ती तरी कशाला ठेवायची.
आईच्या वहीत चरबीच आहे.
ईनिड म्हणाली होती, लोणी.
शेवटी शेवटी आईला लोणीच चालायचं,
तू नव्हतीस तेव्हा.

ते 'तू नव्हतीस तेव्हा'
बावीस वर्षं या स्वयंपाकघरात आहे,
छताला धरलेल्या तेलकट वाफेसारखं.

समोरच्या टेकडीवर ईनिडची खिडकी.
नोरा पडदा ओढत नाही, बघतही नाही.
एवढंच, की तिथला दिवा लागला
की इथला ओव्हन लागतो.

पार्किन, म्हणजे हा आल्याचा काळा केक,
पहिल्या दिवशी खाऊ नये.
पहिल्या दिवशी ते कौल असतं, दात मागतं.
कागदात गुंडाळावं, डब्यात कोंडावं,
सात दिवस झाकणाला हात लावू नये.
आतल्या आत काय घडतं कुणास ठाऊक,
काकवी वर येते, कडा नरमतात.

सुंठीवाचून खोकला गेला म्हणतात.
गेला असेल कुणाचा.
काही घरांत सुंठ घालघालूनही जात नाही.

पाच नोव्हेंबरला, शेकोट्या पेटायच्या आधी,
दूधवाला क्लाइव्ह डबा पलीकडे नेतो,
काही न विचारता.
दोन दिवसांनी परत आणतो:
धुतलेला, पुसलेला, रिकामा.
चिठ्ठी नसते. फक्त झाकणावरच्या घोड्याचा रंग
दर वर्षी आणखी थोडा उडालेला.
ईनिड जोर लावून घासते. लहानपणापासूनच.

यंदा डबा हातात घेतला
तर आत काहीतरी सरकलं.
क्लाइव्ह फाटकाशी घुटमळला,
पाऊस येणार म्हणाला, आणि गेला.

एकच चौकोन. फिका.
कडा फूटपट्टी लावून कापाव्यात तशा.
नोराने वास घेतला. लोणी.
अंगात कोट, बाहेर विझल्या शेकोट्यांचा धुरकट ओलावा,
तिने उभ्याउभ्याच खाल्लं,
सगळं, कागदाला चिकटलेलंसुद्धा.

मग खिडकीशी गेली. समोर दिवा होता.
"आलं कमी पडलंय,"
ती रिकाम्या स्वयंपाकघराला मोठ्याने म्हणाली,
आणि फोनची डायरी शोधू लागली,
नंबर पाठ असून.