माफी

सूरच्या धक्क्यामागे माझं टायपिंगचं दुकान.
म्हातारा फरज येतो, पंख्याखाली बसतो.
पत्र लिही, म्हणतो.
कुणाला?
मला. सरकारकडून.

आजा त्याचा सात वर्षांचा,
पेंबाहून लवंगांच्या पोत्यांबरोबर उतरवलेला.
नाव ठेवलं मरजान. म्हणजे पोवळं.
नगच तो, मोजून घेतलेला.

मी नमुना शोधतो.
व्हिसा, हरवलेला परवाना, पाण्याचं जादा बिल,
सगळ्याचे आहेत.
‘विषय’ एवढं टाइप करून बोटं थांबतात.
आणि शेवटी काय?
सरकार कधी कुणाला लिहितं का, आपला नम्र?

कुठलं सरकार पण, मी विचारतो.
इथलं, तिथलं, की गस्तीच्या बोटीतून दुर्बीण लावून
बघत बसलेलं?
तो म्हणतो, गलबताचं सागवान तुमच्या किनाऱ्याचं होतं.
मी प्रिंटरमधले कागद उगाच सारखे करतो.

आमच्यात याला माफी म्हणतात, सांगतो त्याला.
तो हसतो. तीनच दात.
इथल्या बोलीत माफी म्हणजे ‘नाही’.
साखर माफी. काम माफी.
बावीस वर्षं मीही तेच बोलतोय,
कधी कानाला खटकलं नव्हतं.

तो दोनशे बैसा ठेवतो,
‘विषय’ छापलेला कागद
घडी न घालता उचलतो.
उरलेलं भरतील ते, म्हणतो.